वेब-ॲपसाठी ब्राउझर देतो तो माल: कुठला पक्का, कुठला कच्चा

नेट गेलं तरी उघडणारं, होम स्क्रीनवर बसणारं, नोटिफिकेशन धाडणारं ॲप आता कुठल्याही स्टोअरच्या दारात न जाता बांधता येतं. त्याला लागणारा माल ब्राउझरमध्येच भरलेला आहे: सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणारी स्क्रिप्ट), मॅनिफेस्ट (ॲपची ओळख सांगणारी फाइल), इंडेक्स्डडीबी (ब्राउझरमधला डेटाबेस), ओपीएफएस (साइटची खाजगी फाइल-साठवण), वेब पुश (सर्व्हरवरून येणारी नोटिफिकेशनं), वेबअसेंब्ली (ब्राउझरमध्ये वेगाने चालणारा कंपाइल केलेला कोड), वेबजीपीयू (ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेण्याची सोय). यातला एकेक भाग सुटा तपासला तर बहुतेक सगळे पास होतात. घोळ होतो तो सांध्यांवर. नवी आवृत्ती आणि जुनी कॅश (जवळ साठवून ठेवलेल्या प्रती), साठवलेला डेटा आणि ब्राउझरची साफसफाई, एका इंजिनात (ब्राउझरच्या आतल्या गाभ्यात) असलेली सोय आणि दुसऱ्यात नसलेली, अशा जोड्या जमताना. म्हणून 'अमुक फीचर आहे का' हे इथे थोडक्यात आटोपलं आहे आणि 'ते मोडतं कसं' याला जागा दिली आहे.

सर्व्हिस वर्कर

पान आणि नेटवर्क यांच्यामध्ये बसणारी ही स्क्रिप्ट म्हणजे बाकी सगळ्याचा कणा. क्रोममध्ये ती २०१५ साली आली (४०वी आवृत्ती), फायरफॉक्समध्ये २०१६ला (४४) आणि सफारीत २०१८ला (११.१). नवीन म्हणून बिचकायचे दिवस कधीच सरले. तिच्याआधी ॲपकॅश ही ऑफलाइन पानांसाठीची सोय होती. तिच्या यादीतली एक फाइल उतरली नाही तरी अख्खं अपडेट रद्द व्हायचं, आणि यादी लावलेलं पान नेट चालू असतानाही कॅशमधूनच यायचं. ते बदलायला कुठे हात घालायचीही सोय नव्हती. सर्व्हिस वर्करने अगदी दुसरं टोक गाठलं: प्रत्येक रिक्वेस्ट तुमच्या हातात, निस्तरायचंही तुम्हीच.

हा चालतो फक्त एचटीटीपीएसवर; लोकलहोस्टला तेवढी सूट आहे. स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे त्याच्या खालच्या पानांपुरताच त्याचा अंमल असतो. फाइल 'जेएस' फोल्डरात टाकून रजिस्टर केली की कन्सोल म्हणतो सगळं ठीक, आणि मुख्य पानाला मात्र वर्कर हातही लावत नाही. फाइल साइटच्या मुळाशी ठेवणं सगळ्यात सोपं. ते जमत नसेल तर सर्व्हरवरून 'सर्व्हिस-वर्कर-अलाउड' हेडर (उत्तरासोबत जाणारी सूचना) पाठवून रजिस्टर करताना स्कोप, म्हणजे हा अंमल, वाढवावा लागतो.

कॅशिंगची वाटणी नीट केली तर निम्मा ताप तिथेच उतरतो. एचटीएमएल आधी नेटवर्कवरून घ्या. ३ सेकंदांत आलं नाही तर कॅशमधलं द्या. नावातच हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) असलेल्या जेएस (जावास्क्रिप्ट) आणि सीएसएस फाइली आधी कॅशमधून, कारण आतला मजकूर बदलला की त्यांचं नावच बदलतं. एपीआयचा (सर्व्हरकडून मागवलेला) डेटा कॅश स्टोरेजमध्ये, म्हणजे वर्करच्या फाइली ठेवायच्या जागेत, कोंबू नका. तो इंडेक्स्डडीबीत गेला तर एकेक नोंद शोधता-बदलता येते. इन्स्टॉलच्या वेळी 'ॲडऑल'ला (फाइली एकदम कॅशमध्ये भरणाऱ्या आज्ञेला) द्यायची यादी अगदी छोटी हवी. त्यातल्या एका फाइलीला ४०४ ('सापडली नाही') आला तरी पूर्ण इन्स्टॉल फसतं. ॲपकॅशची ही खोड इथेही उरली आहेच, फक्त इथे ती आपण होऊन ओढवून घ्यावी लागते.

दुसऱ्या डोमेनवरचे फॉन्ट आणि चित्रं साठवताना एक छुपा खर्च असतो. सीओआरएसशिवाय (दुसऱ्या डोमेनने दिलेल्या वाचायच्या परवानगीशिवाय) मागवलेलं उत्तर 'ओपेक' असतं: आत काय आलं, ते यशस्वी होतं की चुकीचं पान होतं, काहीच कळत नाही. त्याचा खरा आकार बाहेर फुटू नये म्हणून क्रोम अशा प्रत्येक उत्तरामागे साइटच्या कोट्यातून (साठवायला मिळालेल्या जागेतून) साधारण ७ एमबी धरतो. काही केबीचे ५० आयकॉन असे साठवले की हिशेबात ३५० एमबी गेले. टॅगवर 'क्रॉसओरिजिन' ॲट्रिब्यूट लावा आणि त्या सर्व्हरचं हेडरही जागेवर आहे ना ते बघा, भानगड मिटते.

व्हिडिओची गाठ वेगळी. सफारी व्हिडिओ तुकड्यातुकड्याने मागतो आणि २०६ ('हा एक तुकडा') उत्तराची अपेक्षा ठेवतो, तर कॅश स्टोरेज २०६ उत्तर साठवून घेत नाही. पूर्ण फाइल २०० ('सगळं ठीक') ने उतरवून ठेवायची आणि मागणी आली की हवे ते बाइट कापून २०६ आपणच तयार करायचं, एवढा उद्योग करावा लागतो.

आता अपडेट. या मालाची सगळ्यात नाजूक जागा हीच.

कोणी पानावर आलं की ब्राउझर वर्करची स्क्रिप्ट पुन्हा मागवतो आणि बाइट-बाइट ताडून बघतो. फरक सापडला तर नवा वर्कर इन्स्टॉल होतो, पण जुना ज्या टॅबांचा कारभार बघतोय ते सगळे बंद होईपर्यंत नवा 'वेटिंग'मध्ये बसून राहतो. रिफ्रेश करून तो पुढे सरकत नाही. रिफ्रेश होताना नव्या पानाचं उत्तर येऊ लागेपर्यंत जुनं पान जिवंतच असतं, त्यामुळे जुना वर्कर क्षणभरही मोकळा होत नाही. 'दहादा रिफ्रेश केलं तरी जुनंच दिसतंय' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं.

यावर उतारा म्हणून सर्रास 'स्किपवेटिंग' ('थांबू नकोस, लगेच ताबा घे') लावलं जातं. मग काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. वापरणाऱ्याने सकाळी टॅब उघडला. त्यात जुन्या आवृत्तीची मुख्य जेएस चालू आहे. रिपोर्टचा भाग लागेल तेव्हा उतरवायचा म्हणून वेगळ्या फाइलीत आहे, समजा रिपोर्ट-ए१. दुपारी नवी आवृत्ती चढली. सर्व्हरवर आता रिपोर्ट-बी२ आहे आणि ए१ पुसली गेली. नव्या वर्करने स्किपवेटिंगमुळे लगेच ताबा घेतला आणि ॲक्टिव्हेट होताना जुनी कॅश झाडून टाकली. वापरणारा 'रिपोर्ट'वर क्लिक करतो. पान मागतं ए१. ती कॅशमध्ये नाही, सर्व्हरवरही नाही. एकपानी ॲपांच्या सर्व्हरवर बहुधा 'सापडलं नाही तर मुख्य पान द्या' असा नियम असतो, त्यामुळे ४०४ सुद्धा येत नाही. २०० चा शिक्का मारलेलं एचटीएमएल येतं. ब्राउझर ते जेएस समजून वाचायला जातो आणि पहिल्याच कोनी कंसाला अडखळतो. कन्सोलमध्ये चूक दिसते व्याकरणाची नाहीतर माइम टाइपची (फाइलीच्या प्रकाराची). मग शोधाशोध सुरू होते ती कोडमध्ये, जिथे काहीच चुकलेलं नसतं.

बंदोबस्त सर्व्हर आणि पान दोन्हीकडे करावा लागतो. मागच्या काही आवृत्त्यांच्या हॅशवाल्या फाइली सर्व्हरवर राहू द्या. जागा फार खात नाहीत. 'मुख्य पान द्या' या नियमातून ॲसेट्सचा फोल्डर वगळा, म्हणजे नसलेल्या फाइलीला खराखुरा ४०४ मिळेल. नवा वर्कर वेटिंगमध्ये आला की पानावर 'नवी आवृत्ती तयार आहे' अशी पट्टी दाखवा. बटण दाबल्यावर पोस्टमेसेजने वर्करला कळवा, त्याने तेव्हाच स्किपवेटिंग करावं, आणि 'कंट्रोलरचेंज' (वर्कर बदलल्याची खबर) आला की पान रीलोड करा. रीलोड आधीच झालाय का हे एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, नाहीतर पान स्वतःभोवती गिरक्या घेत बसतं. मागाहून उतरणारा तुकडा आलाच नाही तर ती चूक पकडून रीलोडचा पर्याय द्या. कोरा पडदा दाखवू नका.

वर्करच्या स्वतःच्या फाइलीच्या नावात हॅश घालणं हा घात आहे. जुनं एचटीएमएल कॅशमधून आलं की ते जुन्याच नावाचा वर्कर मागतं, आणि नव्याचा पत्ता त्याला कधीच लागत नाही. नाव कायमचं एक ठेवा आणि 'नो-कॅश' हेडर लावा. क्रोम ६८पासून ही मुख्य स्क्रिप्ट तपासताना एचटीटीपी कॅश वगळतो, पण मधल्या सीडीएनने (फाइलींच्या प्रती वाटणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याने) धरून ठेवलेली प्रत त्याच्या हाताबाहेरची असते.

आणि सगळंच बिघडलं तर वर्करची फाइल सर्व्हरवरून पुसायची नाही. ४०४ आला की अपडेट फसतं आणि जुना वर्कर तसाच राज्य करत राहतो. त्याच नावाने एक रिकामा वर्कर चढवा: इन्स्टॉलमध्ये स्किपवेटिंग, ॲक्टिव्हेटमध्ये सगळ्या कॅश पुसून स्वतःला अनरजिस्टर करणं, बस्स. पंधरा-वीस ओळींची ही फाइल पहिल्याच दिवशी लिहून बाजूला ठेवावी. आग लागल्यावर विहीर खणायला वेळ नसतो.

दोन किरकोळ गोष्टी. काम नसलं की ब्राउझर वर्कर बंद करून टाकतो, क्रोममध्ये साधारण ३० सेकंदांत. तेव्हा ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलेली मोजणी किंवा टोकन गेलंच म्हणून समजा. लांबणारं काम 'वेटअंटिल'मध्ये ('हे संपेपर्यंत बंद करू नकोस') गुंडाळा. आणि झोपलेला वर्कर उठेपर्यंत पहिली रिक्वेस्ट तिष्ठत राहते; त्यावर 'नेव्हिगेशन प्रीलोड' (वर्कर उठत असतानाच पान मागवणं) हा तयार उपाय तिन्ही इंजिनांत आहे, तो चालू करायलाच लोक विसरतात.

साठवण

लोकलस्टोरेजबद्दल फार बोलायला नको. ५ एमबीच्या आसपास जागा, फक्त स्ट्रिंग, मुख्य थ्रेड अडवून चालणारं काम, आणि वर्करमधून मिळतच नाही. थीम काळी की पांढरी एवढं ठेवायला बरं.

खरा डेटा इंडेक्स्डडीबीत. हिची रचना जुन्या इव्हेंट-शैलीची आणि हाताळायला कडू, म्हणून वर प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची हमी) देणारं एखादं पातळ वेष्टण घ्यावंच. पण वेष्टण घेतल्यावर एक चूक करणं आणखी सोपं होतं. ट्रान्झॅक्शनमधली (एकत्र पार पडणाऱ्या वाचन-लेखनाच्या गटातली) हातातली विनंती संपली आणि लगेच दुसरी दिली नाही, की ते आपोआप कमिट होतं, म्हणजे पक्कं होऊन मिटतं. ट्रान्झॅक्शन उघडलं, एक नोंद वाचली, मग 'अवेट' लावून फेचने सर्व्हरला विचारलं आणि उत्तर आल्यावर त्यातच लिहायला गेलं, की 'ट्रान्झॅक्शनइनॅक्टिव्हएरर' ठरलेला. क्रम फिरवा: आधी फेच, डेटा हातात आला की ट्रान्झॅक्शन, आणि एका दमात सगळं लेखन. हजार नोंदी घालायच्या तर हजार ट्रान्झॅक्शनं उघडू नका; एकात घाला, फरक डोळ्यांना दिसेल इतका पडतो.

कमिट झालं म्हणजे डिस्कवर उतरलं असंही नाही. क्रोम १२१पासून डीफॉल्ट 'रिलॅक्स्ड' आहे: डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली केला की काम झालं असं कळवलं जातं. अचानक वीज गेली तर शेवटचं लेखन हरवू शकतं. पैशांच्या नोंदी असतील तर त्या ट्रान्झॅक्शनला 'स्ट्रिक्ट' मागा, थोडा वेग जाईल.

स्कीमाची (डेटाबेसच्या रचनेची) आवृत्ती वाढवताना दुसऱ्या टॅबमध्ये जुनं कनेक्शन उघडं असलं की नवं पान 'ब्लॉक्ड'वर अडकतं, आणि वापरणाऱ्याला नुसतं गोल फिरणारं चक्र दिसतं. प्रत्येक कनेक्शनवर 'व्हर्जनचेंज' ऐका आणि तो आला की कनेक्शन बंद करा. ही एक ओळ नसल्यामुळे लटकलेली ॲपं चिकार आहेत.

आता कोटा. क्रोम एका ओरिजिनला (एका पत्त्यावरच्या साइटला) डिस्कच्या ६० टक्क्यांपर्यंत जाऊ देतो. सफारीनेही १७व्या आवृत्तीपासून साधारण तेवढीच मोकळीक दिली. फायरफॉक्स डिस्कच्या १० टक्के किंवा १० जीबी, यातलं जे कमी ते देतो. आकडे ऐकून हुरळून जाऊ नये, कारण ही जागा वापरायला दिलेली आहे, नावावर करून दिलेली नाही. डिस्क भरत आली की ब्राउझर सगळ्यात जुन्या वापराच्या साइटचा डेटा काढतो, आणि काढतो तेव्हा त्या ओरिजिनचा सगळाच काढतो: डेटाबेस, कॅश, सगळं. सफारीचा नियम आणखी कडक. २०२० पासून, सफारी वापरल्याच्या ७ दिवसांत ज्या साइटला वापरणाऱ्याने हात लावला नाही, तिचा स्क्रिप्टने लिहिलेला डेटा उडतो. सर्व्हिस वर्करची नोंदणीही त्यात आली. होम स्क्रीनवर ठेवलेल्या ॲपला यातून सूट आहे.

'नॅव्हिगेटर.स्टोरेज.पर्सिस्ट' बोलावून कायमची जागा मागता येते. फायरफॉक्स त्यासाठी वापरणाऱ्याला विचारतो. क्रोम आणि सफारी आपापल्या अंदाजाने हो-नाही ठरवतात. उत्तर 'नाही' येऊ शकतं हे धरूनच चालावं. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच: सर्व्हरवर न पोचलेली नोंद ब्राउझरमध्ये मुक्कामाला ठेवायची वस्तू नाही. 'अजून ४ नोंदी पाठवायच्या आहेत' हे पडद्यावर ठळक दिसलं पाहिजे आणि साइन-आउट करताना त्याबद्दल अडवलं पाहिजे.

त्या नोंदी पाठवायला बॅकग्राउंड सिंक (नेट आल्यावर पानामागे काम उरकायची सोय) वापरावा असं कागदावर ठीक वाटतं. तो क्रोमियमच्या (क्रोम आणि एज ज्यावर उभे आहेत त्या पायाच्या) घराबाहेर कुठेच नाही. म्हणून मुख्य वाट दुसरी ठेवा: पान उघडल्यावर, पान पुन्हा समोर आल्यावर आणि 'ऑनलाइन' इव्हेंट आल्यावर रांग रिकामी करायचा प्रयत्न. 'नॅव्हिगेटर.ऑनलाइन'वर विसंबू नका. वायफायला जोडलेलं आहे पण पुढे नेट नाही, तरी ते 'हो' म्हणतं. प्रत्येक नोंदीला तयार होतानाच 'रँडमयूयूआयडी' (दुसऱ्या कशाशीही न जुळणारी ओळख) द्या आणि सर्व्हरने तो एकदाच स्वीकारावा. नाहीतर उत्तर वाटेत हरवलं की तीच ऑर्डर दोनदा पडते.

ओपीएफएस आणि एसक्यूलाइट

ओरिजिन प्रायव्हेट फाइल सिस्टिम हा या संचातला सगळ्यात कमी गाजलेला आणि बहुधा सगळ्यात कामाचा नवा भाग. प्रत्येक ओरिजिनला स्वतःचं फाइलींचं खाजगी आवार मिळतं, आणि 'सिंकॲक्सेसहँडल'ने हव्या त्या बाइटवर थेट वाचता-लिहिता येतं. हे हँडल फक्त डेडिकेटेड वर्करमध्येच (एका पानाच्या मागच्या वेगळ्या थ्रेडमध्ये) मिळतं आणि एका फाइलीवर, वेगळं काही सांगितलं नाही तर, एकाच वेळी एकच.

या पायावर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस ब्राउझरमध्ये नीट चालू लागला. वेब एसक्यूएल या ब्राउझरमधल्या जुन्या डेटाबेसचं मानक डब्ल्यू३सी या वेब-मानक संस्थेने २०१०मध्येच सोडून दिलं होतं आणि क्रोमने २०२३ साली तो अखेर काढून टाकला. त्याची जागा एसक्यूलाइटच्या अधिकृत वेबअसेंब्ली बांधणीने भरून काढली. तिच्यात ओपीएफएसचे दोन मार्ग आहेत. पहिल्याला शेअर्ड मेमरी लागते, म्हणून आयसोलेशनचे, म्हणजे पान बाहेरच्यांपासून वेगळं पाडणारे, दोन हेडर लावावे लागतात; ते खाली येतील. दुसरा, 'एसएएचपूल', त्या हेडरांशिवाय चालतो आणि वेगवानही आहे, पण दोन टॅबांनी एकदम डेटाबेस उघडला की दुसऱ्याला चूक मिळते. छोट्या टीमने दुसराच घ्यावा आणि वेब लॉक्सने (टॅबांमधल्या कुलपाने) एका टॅबला मुख्य करावं: कुलूप ज्याच्याकडे तो डेटाबेस उघडणार, बाकीचे टॅब त्याला ब्रॉडकास्टचॅनलवरून (टॅबांमधल्या निरोपांच्या वाटेने) विचारणार. मुख्य टॅब बंद झाला की कुलूप आपोआप सुटतं आणि रांगेतला पुढचा मुख्य होतो. दोनेकशे ओळींचं काम आहे, पण एकदाच करायचं.

वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरातली फाइल उघडून तिथेच सेव्ह करण्याची सोय हा निराळा प्रकार, आणि त्याचा फाइल-पिकर क्रोमियमपुरताच. बाकीकडे साधं फाइल-इनपुट आणि डाउनलोड. दुधाची तहान ताकावर.

इन्स्टॉल आणि पुश

मॅनिफेस्ट हा सगळ्यात सोपा भाग. नाव, छोटं नाव, 'स्टार्ट यूआरएल', 'डिस्प्ले: स्टँडअलोन', १९२ आणि ५१२ पिक्सेलचे आयकॉन. 'आयडी' आवर्जून लिहा; तो नसला तर स्टार्ट यूआरएलच ओळख ठरते आणि पुढे पत्ता बदलला की तेच ॲप नवं समजलं जातं. मास्केबल (फोनने हव्या त्या आकारात कापायच्या) आयकॉनमधलं चित्र मधल्या वर्तुळात बसवा, ज्याची त्रिज्या आयकॉनच्या रुंदीच्या ४० टक्के. बाहेरचं अँड्रॉइड कापू शकतो. एकच चित्र 'एनी' आणि 'मास्केबल' दोन्हींना लावलं की एकीकडे ते उगाच बारीक दिसतं.

'इन्स्टॉल करा' असं आपलं बटण फक्त क्रोमियममध्ये जमतं. आयफोनवर वापरणाऱ्यालाच शेअरच्या यादीतून 'होम स्क्रीनवर जोडा' शोधावं लागतं, आणि तिथल्या ॲपची साठवण सफारीपासून वेगळी असल्यामुळे पुन्हा लॉगिन. ही पायरी चित्रासकट समजावून सांगणारं पान बनवल्याशिवाय गत्यंतर नाही.

पुश आयफोनवर १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून चालतो, तोही होम स्क्रीनवर ठेवलेल्या ॲपलाच. परवानगी बटणाच्या क्लिकवरच मागा. पान उघडताक्षणी मागितली तर सफारी आणि फायरफॉक्स विचारतच नाहीत, आणि क्रोमवर 'नाही' मिळालं की स्क्रिप्टला ते पुन्हा विचारता येत नाही. मजकूर ३,९९३ बाइटांच्या आत ठेवा. एन्क्रिप्शनचा भार धरून ४,०९६ ची मर्यादा गाठली जाते. मराठी मजकूर असेल तर हे लक्षात घेऊन मोजा, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. आपला सर्व्हर पुश सेवेला ओळख पटवायला जे टोकन देतो त्याची मुदत २४ तासांपेक्षा जास्त चालत नाही. पुश सेवेने ४०४ किंवा ४१० दिला तर ती सदस्यता तिथल्या तिथे पुसा. आलेल्या पुशवर नोटिफिकेशन दाखवलं नाही तर सफारी परवानगीच काढून घेतो. गुपचूप डेटा ताजा करायचा मार्ग म्हणून पुश वापरू नका.

वेबअसेंब्ली, आणि दोन हेडरांची किंमत

वेबअसेंब्ली २०१७ पासून क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या चारही ब्राउझरांत, २०१९ पासून डब्ल्यू३सीची शिफारस. चित्रांवर प्रक्रिया, कोडेक, डेटाबेस, पीडीएफ यांसाठी उत्तम. फॉर्म आणि यादी दाखवणाऱ्या ॲपला याची काही गरज नाही. डीओएमला (पानावरच्या घटकांच्या झाडाला) हा थेट हात लावू शकत नाही, आणि जेएससोबतच्या सीमेवरून स्ट्रिंग नेण्या-आणण्यात मिळवलेला वेग सांडतो. मोठं काम एकदाच आत द्या, उत्तर एकदाच बाहेर घ्या.

सुरुवातीला हमखास अडवणाऱ्या जागा अशा. सर्व्हरने 'ॲप्लिकेशन/वाझम' माइम टाइप दिला नाही तर उतरता-उतरता कंपाइल होणारी पद्धत नकार देते. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर काय चालू द्यायचं याची यादी) असेल तर 'वाझम-अनसेफ-इव्हॅल' जोडावं लागतं. आणि मेमरी ६४ केबीच्या पानांनी वाढते: ती वाढली त्या क्षणी जेएसकडे असलेला जुना बफर सुटतो, त्याची लांबी ० होते. कधीमधीच येणारा, मोठ्या फाइलीवरच दिसणारा रिकामा निकाल पाहिला की आधी हेच तपासा. प्रत्येक कॉलनंतर व्ह्यू (त्या मेमरीत बघायची जेएसची खिडकी) नव्याने बनवणं हा उपाय. वाढलेली मेमरी परत लहान होत नाही. अवजड काम वेगळ्या वर्करमध्ये करून तो वर्करच संपवणं बरं.

थ्रेड हवेत तर शेअर्डॲरेबफर (थ्रेडांमध्ये सामाईक मेमरी) लागतो. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषामुळे २०१८ च्या जानेवारीत तो बंद झाला होता. परत मिळाला तो अटींवर. पानाला ओपनर पॉलिसी 'सेम-ओरिजिन' आणि एम्बेडर पॉलिसी 'रिक्वायर-कॉर्प' असे दोन हेडर लावायचे. लावले की बाहेरून आणलेली ज्या चित्रं-स्क्रिप्टांवर परवानगीचं हेडर नाही ती सगळी अडतात, एम्बेड केलेले नकाशे आणि व्हिडिओ कोरे होतात, आणि पॉपअपमधून होणारं लॉगिन तुटतं, कारण पॉपअप आणि मूळ पान यांचा संबंधच कापला जातो. आगीतून फुफाट्यात. तेव्हा हे हेडर अख्ख्या साइटला लावू नका. जड काम करणारं एडिटरसारखं पान वेगळ्या पत्त्यावर काढा, तेवढ्यालाच लावा आणि लॉगिन रीडायरेक्टने करा. आधी दोन्हींची 'रिपोर्ट-ओन्ली' रूपं लावून काय काय अडणार ते बघावं.

वेबजीपीयू

क्रोम ११३ मध्ये मे २०२३ला, फायरफॉक्समध्ये विंडोजवर जुलै २०२५ला (१४१), सफारीत २६व्या आवृत्तीत. म्हणजे तिन्ही इंजिनांत पोचला, पण प्रत्येक यंत्रावर नाही. ग्राफिक्स कार्ड मागणाऱ्या 'रिक्वेस्टॲडॅप्टर' कडून 'नल' (काहीच नाही) येऊ शकतो. वेबजीएल २ (ग्राफिक्सची आधीची सोय) किंवा सीपीयूची वाट तयार नसेल तर लाइव्ह करू नका.

ताकद भरपूर, मर्यादाही नेमक्या. न मागता मिळणारा स्टोरेज बफर एका वेळी १२८ एमबीपर्यंतच जोडता येतो, म्हणजे ३२-बिटी साधारण ३ कोटी ३५ लाख आकडे. जास्त हवं तर यंत्राची मर्यादा वाचून डिव्हाइस घेतानाच मागावं लागतं. एका दिशेने ६५,५३५ वर्कग्रुप (एकत्र चालणाऱ्या कामांचे गट). ६४ च्या गटांनी ४१,९४,२४० घटकांवर हात टेकतात, पुढे दोन दिशांत वाटणी करावी लागते. ६४ ने पूर्ण भाग न जाणाऱ्या लांबीसाठी शेडरमध्ये (ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या कोडमध्ये) हद्दीची तपासणी हवीच. आणि 'व्हेक३'चा (तीन आकड्यांच्या संचाचा) सापळा: मेमरीत तो १६ बाइटांच्या सीमेवर बसतो, जेएसमधून तुम्ही १२-१२ बाइट सलग पाठवता, आणि दुसऱ्या बिंदूपासून आकृती वाकडी होते. एकही एरर येत नाही. सरळ चार-चार आकडे पाठवा. लॅपटॉप झोपून उठला किंवा ड्रायव्हर कोसळला की डिव्हाइस हरवतं. 'लॉस्ट' प्रॉमिस ऐकून सगळं नव्याने उभारायची तयारी ठेवावी.

दिसण्या-वागण्याचं

डायलॉग आणि पॉपओव्हर आता निःशंक वापरा. त्यांच्यासाठी लायब्ररी ओढून आणायचं कारण राहिलेलं नाही. व्ह्यू ट्रान्झिशन (एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना होणारी हालचाल) छान दिसतात आणि नसले तरी काही मोडत नाही, म्हणून आजच लावता येतात. एकाच नावाचे दोन घटक पडद्यावर आले तर सगळं ट्रान्झिशन गळतं. यादीतल्या प्रत्येक ओळीला वेगळं नाव द्या, आणि हालचाल कमी हवी असं ज्याने सांगितलंय त्याच्यासाठी ते बंद ठेवा. कस्टम एलिमेंट (आपण बनवलेले टॅग) मजबूत आहेत, पण मूळ बटणावर 'इज' लावून वाढवायची पद्धत सफारी देत नाही. शिवाय शॅडो डीओएमच्या (घटकाच्या आतल्या बंदिस्त भागाच्या) आतलं लेबल बाहेरच्या इनपुटला आयडीने जोडता येत नाही, आणि याचा फटका स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना बसतो. डिझाइन सिस्टिमला घ्या. साध्या साइटला नको.

घेताना आणि तपासताना

एखादी सोय घ्यायची का, याला बेसलाइनचा शिक्का (कुठली सोय किती ब्राउझरांत रुळली ते सांगणारा) बघणं पुरेसं. 'न्यूली' म्हणजे क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी चौघांत आली. त्यानंतर ३० महिने उलटले की 'वाइडली'. साठवण आणि अपडेटच्या पायाला 'वाइडली'च घ्या, सजावटीला 'न्यूली' चालेल. आयफोनवरचे जवळपास सगळे ब्राउझर आतून वेबकिटच असतात, त्यामुळे 'तिथे क्रोम वापरा' हा सल्ला देऊ नका.

तपासताना डेव्हटूल्समधला (ब्राउझरच्या तपासणी-साधनांमधला) 'अपडेट ऑन रीलोड' हा चौकोन आधी रिकामा करा. तो चालू असला की प्रत्येक रीलोडला नवा वर्कर ताबडतोब रुजू होतो आणि वर सांगितलेला ए१-बी२चा घोळ तुमच्या यंत्रावर कधीच दिसत नाही. मग जुनी बांधणी चढवा, दोन टॅब उघडा, नवी बांधणी चढवा, पहिल्या टॅबमध्ये न उघडलेल्या भागावर क्लिक करा. नंतर नेट पूर्ण तोडण्याऐवजी ते अगदी संथ करून हेच पुन्हा. पूर्ण तुटलेलं नेट सगळ्यांना हाताळता येतं. खरी परीक्षा २० सेकंद लटकून मग मरणाऱ्या रिक्वेस्टची. फेचला स्वतःची वेळमर्यादा नसते, ती 'ॲबॉर्टसिग्नल.टाइमआउट'ने तुम्हालाच घालावी लागते.